हरणांसाठी पेरलेला लसूणघास

आमच्या घरात थंडी अंगाला नंतर लागते, कानाला आधी. एप्रिलपासून घरघरत असलेला एसी एखाद्या सकाळी मी बंद करते आणि घर एकदम गप्प होतं. इतकं गप्प, की पहिली काही मिनिटं चुकल्यासारखं वाटतं. मग हळूहळू आमची इथली, आखातातली, उम्म अल हस्समची गल्ली जिना चढून वर येते. खालच्या कोल्ड स्टोअरचं, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचं शटर, समोरच्या केरळी हॉटेलातली भांड्यांची आदळआपट, कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न. मी खिडक्या उघडते, उन्हाळाभराची धूळ फडक्याने पुसते आणि म्हणते, सुटलो बाई एकदाचे.

परवा तशी खिडकी उघडली तर खाली एक पिकअप उभा. मागे हिरव्यागार पेंढ्या रचलेल्या, नुकत्या कापलेल्या, ओल्या. त्यांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. हे चहा पीत बसले होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जत."

तेवढंच म्हणाले. जत म्हणजे आपला लसूणघास, गुरांचा चारा. इथे सगळे त्याला जत म्हणतात, आणि इतकी वर्षं इथे काढल्यावर आमच्याही तोंडात तेच बसलंय. पण ह्यांनी ज्या आवाजात तो शब्द उच्चारला, तो माझ्या चांगला ओळखीचा होता. मी तिकडे पाठ केली आणि खिडकीचा गज उगाच दोनदा पुसला.

आमची सई बारावीला आहे. मराठी सगळं कळतं, माझ्या शिव्यासुद्धा कळतात, पण उत्तर यायचं ते इंग्रजीतून. ती टोस्ट खाताखाता म्हणाली, "बाबा, व्हाय डोंट वी एव्हर गो अँड सी देम?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. हा विषय घरात काढायचा नसतो हे कार्टीला ठाऊक आहे. हे मात्र चिडले नाहीत. खिडकीशी येऊन तो पिकअप सिग्नलकडे वळेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊया. शुक्रवारी जाऊया झल्लाकला."

माझं फडकं हातातच राहिलं. पाच हिवाळे आले नि गेले, ह्या माणसाने झल्लाकच्या वळणाकडे गाडी कधी वळवली नव्हती.

झल्लाकला आहेत ती हरणं. इथली हरणं, वाळूच्या रंगाची, पोटाला पांढरी, लहान अंगाची. अरबीत त्यांना रीम म्हणतात. पूर्वी ती जनाबियाच्या मजऱ्यावर होती आणि आम्हीही तिथेच होतो. मजरा म्हणजे मळा. खजुराची झाडं, दोन विहिरी, एक जुनी बाग, मधोमध मालकांचं घर आणि मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. हे मळ्याचे सगळे बघायचे, पाण्याच्या पाइपांपासून फाटकाच्या बिजागरीपर्यंत. मी मालकांच्या स्वयंपाकघरात हातभार लावायचे. मालकांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. म्हातारे झाले होते, चाकांच्या खुर्चीवरून ओसरीत यायचे आणि दिवसभर हरणांकडे बघत बसायचे. ती त्यांनी तरुणपणी हौसेने आणलेली. नंतर मळ्याची मागची भिंत पडली ती पडलीच, आणि कळप मळा आणि पलीकडची मोकळी जमीन असा मन मानेल तसा हिंडायला लागला. माणसांना ओळखायचा, पण जवळ यायचा नाही.

त्या वर्षी बाबांच्या मुलाने ठरवलं की जमिनीचे तुकडे पाडून व्हिला बांधायच्या. हिवाळा संपला की बुलडोझर येणार होते. बाबा शहरातल्या घरी जाणार, हरणं मुलाच्या झल्लाकच्या मळ्यावर जाणार. बोलायला सोपं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने जाळी घेऊन माणसं आणली. त्यांनी आरडाओरडा करत कळप भिंतीकडे रेटला. हरणं उधळली, सगळी निसटली, एक कोवळा नर तेवढा जाळ्यात आला. ह्यांनी त्याला सोडवून मांडीवर घेतला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डोळे उघडे, पोट भात्यासारखं वरखाली होतंय, आणि बघता बघता ते थांबलं. नुसत्या भीतीने गेलं ते पोर.

ओसरीतून बाबांनी सगळं पाहिलं. त्यांचं हिंदी मोडकंतोडकं होतं, पण त्या दिवशीचा शब्द न शब्द मला आठवतो. "खलास. भगाना मफी. रीम डरेगा, रीम मरेगा." मफी म्हणजे नाही. मग ह्यांच्याकडे बोट केलं. "मोहन, तुम बुलाओ उसको."

"बुलाऊं कैसे, बाबा?"

"खाना लगाओ. वो आप आएगा. इंशाल्ला."

असं ठरलं. चारी बाजूंनी भिंत असलेली जुनी बाग मोकळी करायची, तिच्यात हिरवं पेरायचं, फाटक उघडं ठेवायचं. हरणं आपल्या पायांनी आत यायला लागली, आत निवांत चरायला लागली, की एक दिवस फाटक लावायचं. बुलडोझर यायच्या आत हे झालं नाही तर कळप बुजून रस्त्यावर जाणार होता. भिंतीपलीकडे कॉजवेकडे, समुद्रावरच्या लांब पुलाकडे जाणारा मोठा रस्ता, गाड्या कशा सुसाट जातात ते रोज ऐकू यायचं. एकही वाचली नसती.

आता ह्यात गंमत अशी, की ह्या कामाला आमच्या ह्यांच्याइतका चुकीचा माणूस शोधून सापडला नसता.

लग्न होऊन मी लांज्याकडच्या त्यांच्या गावात गेले तेव्हा दिवाळीचे दिवस होते. गाडीतून उतरले तर समोर सगळ्या शेतांना साड्या गुंडाळलेल्या. लाल, पिवळ्या, मोरपिशी. मला वाटलं, गावात काही कार्य आहे. मी नणंदेला विचारलं, "मांडव कुणाकडे आहे हो?" ती हसून हसून बांधावरच बसली. अहो, आम्ही चिपळूणच्या बाजारपेठेतले, आम्हाला काय माहीत! ती राखण होती. भात निसवलं की रानातून भेकर, सांबर, डुकरं येतात. जुन्या साड्या बांधल्या की त्या वाऱ्यावर फडफडतात, बायामाणसांचा वास धरून असतात, जनावर बिचकतं. ह्यांचं सगळं लहानपण राखणीत गेलेलं. माळ्यावर बसायचं, डबा बडवायचा, हुर्र्यो करून आरोळी ठोकायची. सासऱ्यांनी शिकवलं होतं, चिमूटभर माती वर सोड, वारा कुठे जातो बघ, आणि आपल्या अंगावरून रानाकडे जाईल अशी जागा धर. माणसाचा वास पुढे गेला की जनावर पाय टाकत नाही.

अशा घरातला माणूस. पिढ्यान्पिढ्या ज्यांना हाकलून पोट भरलं, त्यांना आता जेवायला बोलवायचं होतं.

"जमेल काय हो?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं? पेरायचंच हाय ना?"

बाबांनी सुहेल दिसायची वाट बघितली. सुहेल म्हणजे तारा. तो पहाटे दक्षिणेला दिसायला लागला की उन्हाळ्याची कंबर मोडली, अशी इथल्या जुन्या माणसांची गणती. तोच आमचा अगस्ती. गावी सासरे म्हणायचे, अगस्ती उगवला की पाणी निवळतं. बाबा रोज विचारायचे, "सुहेल शुफ?" आणि हे सांगायचे, नाही अजून. एकदा पहाटे हे धावत आत आले आणि मला उठवून बाहेर नेलं. क्षितिजाच्या जरा वर, धुळीत लालसर. दोघांची दोन नावं आणि तारा एक, ह्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण उन्हाची कंबर मोडली तरी ऊन लगेच उठून जात नाही. पेरणी ऑक्टोबरातच झाली. जमिनीवरचा खारट पापुद्रा ह्यांनी फावड्याने खरवडून काढला, खत मिसळलं, ढेकळं हाताने फोडली. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून बाबांनी गोड्या पाण्याचा टँकर मागवला. लसूणघासाचं बी मोहरीएवढं बारीक. हातातून एका जागी भसकन पडतं, म्हणून ते वाळूत कालवून फेकायचं. मी पदर खोचून मागून चालत होते आणि खजुराच्या झावळीने माती ओढत होते. कडेने जव पेरले, ते लवकर उगवतात म्हणून. घामाने दोघं निथळत होतो. किती तरी दिवसांनी आम्ही दोघं एका शेतात होतो. ते मला अजून कुणाला सांगावंसं वाटतं, पण सांगून कळायचं नाही.

कोंभ दिसले आणि पाखरं उतरली. बुलबुल, साळुंक्या, कबुतरं. त्यात शेजारच्या मळ्यावरच्या शेळ्यांना फाटक उघडं सापडलं. दोन दिवसांत एक कोपरा साफ. हे तणतणत घरात आले. "जुन्या साड्या हायत काय गो?"

मी काढून दिल्या. डोक्यात काही आलंच नाही. उलट उत्साहाने दिल्या, त्यातली एक तर बरी होती, वायलची, घरात नेसायची. फाटकापासून भिंतीपर्यंत, मळ्याच्या भिंतीच्या पडक्या जागी, बागेतल्या खुंट्यांना, सगळीकडे साड्या. पाखरं कमी झाली, शेळ्या फिरकेनाशा झाल्या. घास असा तरारला की बघत राहावं. घोट्यापर्यंत आला, मग वर आला, निळसर हिरवा. बाबांना खुर्चीसकट तिथे नेलं तेव्हा त्यांनी एक पान तोडून चावून बघितलं आणि म्हणाले, "जैन." छान.

हरणं मात्र येईनात.

रोज संध्याकाळी कळप मोकळ्या जमिनीवरून फाटकाच्या दिशेने यायचा. पुढे थोरली असायची. सगळ्यांत वयाची मादी, पुढचा एक पाय किंचित ओढत चालायची. आम्हीच तिला थोरली म्हणायचो. ती थांबली की सगळी थांबायची. ती फाटकापासून बऱ्याच अंतरावर उभी राहायची, नाक वर करायची, कान हलवायची, आणि वळून जायची. तिच्या मागून बाकीची. बाबा ओसरीतून हाक द्यायचे, "मोहन! आया?" आणि ह्यांनी मान हलवायची.  मुलाचे फोन यायला लागले. आणखी थांबायचं की पुन्हा जाळी आणायची, असं तो विचारायचा. ह्यांचं जेवण कमी झालं. पाण्यात दोष आहे म्हणाले, बियात आहे म्हणाले, मग म्हणाले की हरणं ते मेलेलं पोर विसरली नाहीत. हे शेवटचं मलाही पटत होतं.

एका संध्याकाळी शमाल सुटला होता. हा इथला वायव्येचा वारा, सुटला की थंडी घेऊनच येतो. मी चहा घेऊन ह्यांना शोधत मागच्या मोकळ्या जमिनीवर गेले. थोरली उभी राहायची त्याच जागी हे हताश होऊन उभे होते. मी कप त्यांच्या हातात दिला आणि सहज बागेकडे बघितलं. लाल, पिवळ्या, मोरपिशी साड्या वाऱ्यावर फडाफड फडफडत होत्या. मी गाडीतून उतरले होते तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"अहो!" मी ओरडलेच. "अहो, ही तर राखण झाली!"

"आं?"

"बोलावताय की हाकलताय त्यांना? हे बघा तरी काय केलंय तुम्ही!"

त्यांनी बघितलं. तोंड उघडंच राहिलं. मग कपाळावर हात मारून मटकन वाळूत बसले. मी हसत सुटले. इतकी हसले की चहा सांडला. ते हसले नाहीत. दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "ह्यांना तेवढंच येतं गो. दुसरं शिकलेच नाय."

तेव्हा माझं हसू गेलं.

साड्या त्याच रात्री उतरल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या संसारावर संक्रांत आली. वासाचा दोष आहे म्हणून ह्यांनी साबण सोडला. मला खोबरेल बंद, उदबत्ती बंद, हिंगाची फोडणी दार लावून. बांगडे तळायचे तर वाऱ्याला विचारून. हे बाहेर जायचे, चिमूटभर वाळू वर सोडायचे, आणि आत येऊन सांगायचे, "आज नको. वारा तिकडं चाललाय." मी म्हणायचे, "माझ्या माहेरी सासरी कुणी वाऱ्याला विचारून कालवण केलं नाही हो." पण करत होते. सासऱ्यांनी शिकवलेली विद्या तीच होती, फक्त उलटी वापरायची होती. बागेच्या कोपऱ्यात पाण्याची जुनी टाकी होती. वारा आपल्याकडे येईल असं बघून हे टाकीमागे पाठ करून बसायचे. जनावराच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही म्हणायचे. नुसतं बसायचं. खोकला आला तर खोकायचं, त्यांना आपला आवाज ठाऊक झाला पाहिजे.

आणि एके सकाळी थोरली फाटकात आली. अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. एक जवाची काडी तोडली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी दोन पावलं आत. मग रोज थोडं थोडं. बाकीची तिच्यामागून, लहान पिल्लं तिच्या पोटाशी. मी स्वयंपाकघराच्या जाळीतून बघायचे. घास तोडल्याचा बारीक चुटचुट आवाज यायचा. ओसरीतून बाबांची हाक यायची, आणि हे तोंडाने उत्तर न देता नुसता हात वर करायचे. बाबांचे डोळे भरून यायचे. त्या दिवसांत आमच्या घरात जो आनंद होता तो मी नंतर कधी पाहिला नाही.

त्या आनंदात एक काटा होता, आणि तो आम्हा दोघांनाही टोचत होता. ती जितकी निर्धास्त होत होती, तितका फाटक लावायचा दिवस जवळ येत होता. आम्हीही असेच आलो होतो की इथे, कुणीतरी हिरवं दाखवलं म्हणून. पण उगाच रडगाणं कशाला गाऊ? आमचं दार आम्हाला दिसत होतं, व्हिसावर तारीख छापलेली होती, आम्ही ती वाचून आत आलो. पोटभर खाल्लं, पोरीला शिकवलं. थोरलीला कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं. तिला फक्त एक खोकणारा माणूस ठाऊक होता, जो पाठ करून बसतो आणि काही करत नाही.

फाटकाला लांब दोर बांधला होता. बिजागरीला तेल घातलं होतं. त्या दिवशी मी टाकीमागे ह्यांच्या शेजारी बसले होते. सगळी आत होती. ह्यांनी दोर हातात घेतला आणि कितीतरी वेळ नुसता धरून बसले. "अहो," मी हळूच म्हटलं, "बुलडोझर आले तर?" त्यांनी मान डोलावली. मग अगदी सावकाश ओढला. फाटक आवाज न करता लागलं. एकही हरीण उधळलं नाही. थोरलीने फक्त मान वर केली, टाकीकडे बघितलं, तोंडातलं चावत राहिली, आणि पुन्हा मान खाली घालून चरायला लागली.

"बघितलंस?" हे म्हणाले. "तिला वाटलं, मी हाय म्हणजे काय नाय होणार." आणि तोंडावर गमछा धरून रडायला लागले.

पुढचं सगळं नीट झालं. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, एकेकाला अंधाऱ्या खोक्यात झोपवून नेलं. सगळी जिवंत पोचली. बाबांनी ह्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी अरबीत म्हणाले. मला कळलं नाही, पण अर्थ कळला. त्यानंतर ते शहरात गेले. पुढचा सुहेल त्यांनी पाहिला नाही.

तीन-चार दिवसांनी झल्लाकहून रफीकचा फोन आला. रफीक तिथला बांगलादेशी गडी, भला माणूस. म्हणाला, "मोहनभाई, वो लंगडी खाता नहीं. वो नहीं खाता तो कोई नहीं खाता. आप आओ."

हे बागेतला उरलेला घास कापून, दोन गोण्या भरून गेले. मीही गेले. मोठं मैदान, चांगली जागा, दूरवर समुद्राची पट्टी. जाळीमागे हरणं एका कोपऱ्यात घट्ट उभी होती. ह्यांनी घास पसरला आणि नेहमीसारखं पाठ करून बसले. खोकले. थोरलीचे कान उभे राहिले. तिने ओळखलं, माझी खात्री आहे. ओळखलं आणि ती सरकत सरकत सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात गेली, आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तोच घास, त्याच मातीतला, तोच माणूस. ह्यांनी सकाळपासून ऊन कलेपर्यंत बैठक मोडली नाही. पाणी दिलं ते घेतलं नाही. मी म्हटलं, "चला आता, सई शाळेतून आली असेल." तेव्हा उठले. गोण्या तिथेच टाकल्या.

आम्ही अजून गाडीतच होतो तेव्हा फोन वाजला. स्पीकरवर रफीक आनंदाने ओरडत होता, "खाया, भाई! खाया! आप गया ना, फिर खाया! सब खा रहा है!"

हे म्हणाले, "शुकर हाय देवाचा." मोठ्याने हसले. फोन बंद केला, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले. मी पाठीवर हात ठेवला.  ती जगली, हेच तर आम्हाला पाहिजे होतं.

नंतर जनाबियाच्या जागी व्हिला झाल्या. ह्यांना एका कंपाउंडमध्ये देखभालीचं काम मिळालं, आम्ही उम्म अल हस्समला आलो. रफीक अधूनमधून फोन करतो. पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली. परवाही मी विचारलं तर म्हणाला, "लंगडी बुड्ढी हो गया, भाभी, लेकिन है." मी ते ह्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पण जायचं नाव काढलं की उठून जायचे. "आपण नाय गेलं की ती खाते," एवढंच म्हणायचे.

शुक्रवारी खरंच निघालो. सईने गाजरं घेतली होती, पिशवीभर. ह्यांनी अंघोळ नुसत्या पाण्याने केली होती. मी ते बघितलं. मी आपली नेहमीसारखी तेल लावून, गजरा नाही तरी पावडर लावून तयार. रस्त्याने सई इतकं बोलत होती की विचारू नका. हेही बोलत होते. कुठला नर कुठे उभा राहायचा, कुठलं पिल्लू खोडकर होतं. इतकं मोकळं मी त्यांना किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

झल्लाकच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली. मळ्याची जाळी दिसायला लागली. जाळीच्या आत, लांबवर, वाळूच्या रंगाचे ठिपके हलत होते. एक ठिपका जरा थांबत थांबत चालत होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. सईने काच खाली केली होती, मीही केली होती. हे खाली उतरले. रस्त्याच्या कडेला वाकून चिमूटभर वाळू उचलली, हात डोक्याच्या वर नेला आणि सोडली.

आम्ही तिघांनी बघितलं. वाळू आमच्यापासून मळ्याकडे गेली.

ह्यांनी वाळूचे हात झाडले. मग आत येऊन बसले आणि गाडी वळवली.

"बाबा?" सई म्हणाली.

"आज नको," ते म्हणाले. "वारा तिकडं चाललाय."

मी माझ्या बाजूची काच वर केली.